तेरा पूर्णांक नऊ मिलिसेकंद

जीटीएक्स १०६० हे ग्राफिक्स कार्ड बाजारात आलं जुलै २०१६ मध्ये. त्याच वर्षी ऑक्युलस रिफ्ट आणि एचटीसी व्हाइव्ह हे व्हीआर हेडसेटही विक्रीला आले. दोन्हींत प्रत्येक डोळ्यापुढे १०८० बाय १२०० ठिपके, त्यामुळे कार्ड आणि हेडसेटचं बरं जमायचं. २०२० मध्ये आलेल्या क्वेस्ट २ मध्ये हा आकडा १८३२ बाय १९२० झाला. ठिपके जवळजवळ पावणेतीनपट. आमच्या घरी हेडसेट आला तो हा, धाकट्या भावाने अमेरिकेहून आणलेला. पीसीतलं कार्ड मात्र तेच, २०१६ चं. पुतण्याला ‘हाफ-लाइफ: ॲलिक्स’ खेळायचा होता आणि त्या गेमच्या किमान गरजांच्या यादीत हेच सहा जीबीचं कार्ड लिहिलेलं आहे. किमान म्हणजे चालेल. सुखाने चालेल असं त्यात कुठे म्हटलेलं नाही.

पहिल्या संध्याकाळी पाचेक मिनिटांत पुतण्याने हेडसेट काढून माझ्या हातात दिला. “काका, गरगरतंय. मान वळवली की सगळं मागून येतं.” दोष त्याच्या पोटाचा नव्हता. मॉनिटरवर चित्र उशिरा आलं तर गेम थोडा अडखळतो, एवढंच. हेडसेटमध्ये मान वळल्याचं कानाला लगेच कळतं, डोळ्याला उशिरा, आणि या दोघांच्या भांडणात मळमळ सुरू होते.

हेडसेटचा पडदा सेकंदाला ९० वेळा बदलत असेल तर प्रत्येक चित्रासाठी कार्डाला ११.१ मिलिसेकंद मिळतात. साडेअकरा लागले तर? लोकल चुकल्यासारखंच, जरा उशीर झाला तरी पुढचीच गाडी. मग सॉफ्टवेअर जुनंच चित्र मानेच्या नव्या दिशेप्रमाणे सरकवून दाखवतं, किंवा गेमला निम्म्या वेगावर, ४५ वर आणून मधली चित्रं अंदाजाने भरतं. अंदाजच तो. हात झटकन हलवला की बोटांच्या कडेला पाण्यासारख्या लाटा उठतात.

म्हणून मी आधी रिफ्रेश रेट ९० वरून ७२ केला. चित्रामागे १३.९ मिलिसेकंद मिळू लागले, म्हणजे रेझोल्यूशनला हात न लावता पाऊण हिश्शाहून थोडंच जास्त काम उरलं. रेझोल्यूशनचा नंबर त्यानंतर.

इथे नवख्याला एक गोष्ट चकवते. पडद्यावर १८३२ बाय १९२० ठिपके आहेत, म्हणून कार्ड तेवढेच रेखाटत असेल असं वाटतं. तसं नाही. हेडसेटचं भिंग चित्राच्या कडा बाहेर ताणतं. ते उलटवण्यासाठी सॉफ्टवेअर चित्र आधीच पिंपासारखं फुगवून ठेवतं. या फुगवट्यात मधला भाग ताणला जातो. तो धूसर दिसू नये म्हणून मूळ चित्र पडद्यापेक्षा मोठं काढावं लागतं. व्हाइव्हसाठी हे प्रमाण दोन्ही बाजूंनी १.४ पट होतं: १०८० बाय १२०० च्या पडद्यासाठी १५१२ बाय १६८० चं चित्र. दोन्ही डोळे धरून एका चित्रात पन्नास लाखांहून जास्त ठिपके, आणि असं सेकंदाला ९० वेळा. क्वेस्ट २ साठी १०६० ला किती राबावं लागत असेल, हिशेब करा.

पीसीवर व्हीआर गेम चालवणाऱ्या स्टीमव्हीआर या सॉफ्टवेअरमधल्या रेझोल्यूशनच्या पट्टीवरचे टक्के एकूण ठिपक्यांचे आहेत, लांबी-रुंदीचे नाहीत. पन्नास टक्के म्हणजे प्रत्येक बाजू निम्मी नव्हे, साधारण ७१ टक्के. म्हणून पट्टी बरीच खाली आणली तरी डोळ्याला धक्का बसत नाही. घाबरून ९५ वर थांबणाऱ्याला फायदा दिसत नाही, आणि तो या सेटिंगलाच निरुपयोगी ठरवतो.

आपोआपचा पर्याय मी बंद केला, पट्टी तळाला नेली आणि तिथून थोडी थोडी वर चढवली. प्रत्येक बदलानंतर गेम बंद करून पुन्हा सुरू करायचा. कंटाळवाणं काम आहे, पण बरेच गेम नवा आकडा सुरू होतानाच वाचतात. चाचणी मेनूत किंवा रिकाम्या खोलीत करू नये. धूर, आरसे, गर्दी असेल तिथे उभं राहून स्टीमव्हीआरचा फ्रेम टायमिंगचा आलेख बघावा. ॲलिक्स या चाचणीला नालायक आहे, कारण भार वाढला की तो स्वतःच चित्राची प्रत उतरवतो. मी दुसरा गेम वापरला. सर्वांत जड जागी आकडा बारा मिलिसेकंदांपर्यंत पोचला तिथे मी थांबलो. पूर्ण १३.९ वापरण्याचा मोह टाळावा, एका स्फोटात सगळं कोसळतं. आमची पट्टी साठाच्या आसपास स्थिरावली. त्याआधी सावल्या सर्वांत खालच्या पातळीवर नेल्या होत्या. सावली कमी झाल्याचं हेडसेटमध्ये कुणाच्या लक्षातही येत नाही. रेझोल्यूशन उतरवल्यावर बारीक अक्षरं मात्र जातात. विमानाच्या कॉकपिटमधले काटे वाचायचे असतील तर ही तडजोड बोचेल.

कडेचे ठिपके कमी बारकाईने रंगवून मधला भाग तल्लख ठेवण्याची ‘व्हेरिएबल रेट शेडिंग’ ही सोय एनव्हिडियाच्या कार्डांत २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासून आली. १०६० त्याआधीच्या पास्कल पिढीचं, त्यामुळे त्या वाटेला जाण्यात अर्थ नव्हता.

तुम्ही नवं कार्ड घ्यायला निघाला असाल, तर आधी रेझोल्यूशन अगदी तळाला न्या आणि आलेख बघा. कार्डाचे मिलिसेकंद झपाट्याने उतरले आणि अडखळणं थांबलं, तर अडचण कार्डाचीच होती. कार्ड रिकामं बसूनही गेम अडखळत असेल तर प्रोसेसर कमी पडतोय, आणि नव्या कार्डावर घातलेले पैसे वाया जातील.