वांझ तूर आणि न दिसणारा कोळी

तुरीचं एखादं झाड हिरवंगार, झुडपासारखं दाट वाढतं; पण त्याला फूल येत नाही आणि शेंगही धरत नाही. पानं बारीक, फिकट, त्यांवर पिवळट चट्टे. हा तुरीवरचा वांझ रोग. पेरणीनंतर पहिल्या दीड महिन्यात लागण झाली, तर त्या झाडाकडून दाण्याची आशा जवळपास सोडावीच लागते. बिहारमधल्या पुसा येथून 1931 मध्ये त्याची पहिली नोंद झाली. रोगामागचा विषाणू सापडायला मात्र 2000 साल उजाडलं.

मधल्या काळात वाहक तेवढा कळला होता. हा रोग एक एरिओफाईड कोळी पसरवतो, हे 1962 मध्ये स्पष्ट झालं. लांबी जेमतेम पाव मिलिमीटर, पायांच्या फक्त दोन जोड्या. हा जीव पानाच्या खालच्या बाजूला राहतो, रस शोषतो आणि वाऱ्यावर स्वार होऊन पुढच्या झाडावर जातो. भिंगाशिवाय तो दिसत नाही.

हैदराबादजवळच्या पाटनचेरूतील इक्रिसॅट या संशोधन संस्थेत रोगाची चाचणी घेण्याची साधी युक्ती वापरली जाते. रोगट पान घ्यायचं आणि निरोगी रोपाच्या पानाला चक्क स्टेपल करायचं. कोळी आपणहून पलीकडे जातात. विषाणू उचलायला कोळ्याला पंधरा मिनिटं पुरतात. एकटा कोळी जेमतेम निम्म्या रोपांना रोग देऊ शकतो. एका रोपावर पाचापेक्षा जास्त कोळी सोडले, तर चाचणीतलं एकही रोप सुटत नाही.

एवढं ठाऊक असूनही विषाणू सापडत नव्हता, कारण तो पानातून शुद्ध स्वरूपात वेगळा काढणं फार अवघड. इक्रिसॅट आणि स्कॉटलंडमधल्या शास्त्रज्ञांनी मिळून अखेर त्याची ओळख पटवली. पुढे त्याच्या आरएनएचा पूर्ण क्रम वाचला गेला आणि 2015 च्या सुमारास कळलं, की तुरीत एक नव्हे, दोन वेगवेगळे विषाणू आहेत. अमेरिकेतल्या गुलाबांची कथाही अशीच आहे. तिथल्या 'रोझ रोझेट' रोगाची ओळख 1940 च्या दशकातली, त्याचा वाहकही असाच एक सूक्ष्म कोळी, आणि विषाणू हाती लागला 2011 मध्ये.

आता शोधाची वाट उलटी झाली आहे. पानावरचे शेकडो कोळी गोळा करून एकत्र चिरडायचे, त्यातला सगळा आरएनए वाचायचा आणि ज्ञात विषाणूंच्या जनुकांशी संगणकावर ताडून पाहायचा. या पद्धतीनं 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 220 हून अधिक अपृष्ठवंशीय प्रजातींमधून 1,445 आरएनए विषाणू नोंदवले गेले. जगभरच्या भाजीपाल्यावर जाळी विणणाऱ्या दोन ठिपक्यांच्या कोळ्यातही नवे विषाणू मिळाले आहेत.

पण क्रम सापडला म्हणजे काम संपलं नाही. तो विषाणू कोळ्याचाच, की त्यानं शोषलेल्या पानाचा? की अंगावर चिकटलेल्या बुरशीचा? विषाणू खरोखर कोळ्याच्या शरीरात वाढत असेल, तर कोळ्याच्या पेशी त्याच्या आरएनएचे ठरावीक लांबीचे बारीक तुकडे करतात. असे तुकडे मिळाले, की संशय बराच फिटतो.

काही विषाणू खुद्द कोळ्यालाच मारतात. कॅलिफोर्नियातल्या संत्र्याच्या बागांमध्ये 1950 च्या दशकात लाल कोळी असे मरताना आढळले. आजारी कोळ्यांच्या शरीरात ध्रुवित प्रकाशाखाली चमकणारे स्फटिक दिसत, आणि त्यावरूनच रोग ओळखला जाई. अशा विषाणूंचा कीडनियंत्रणासाठी उपयोग होईल का, हा विचार तेव्हापासूनचा आहे.

तुरीच्या शेतकऱ्याला मात्र प्रयोगशाळेची वाट पाहत थांबावं लागलं नाही. बदनापूरच्या संशोधन केंद्रानं बीएसएमआर 736 हा रोगप्रतिकारक वाण विषाणूची ओळख पटण्याआधीच दिला. तिथलाच बीएसएमआर 853 हा पांढऱ्या दाण्याचा वाणही रोगाला दाद देत नाही. पेरणीपूर्वी असा वाण निवडावा, बांधावरची जुनी आणि खोडवा तूर काढून टाकावी, आणि वांझ झाड दिसताच ते उपटून नष्ट करावं. कोळ्याचा मुक्काम तिथंच असतो.