चालणाऱ्यांचा अदब

तरबियतचा विषय निघाला की आम्ही शिक्षक मंडळी लगेच पुस्तकाकडे हात नेतो. मूल मात्र बरेचसे आधीच शिकून आलेले असते, चुलीजवळ, ओट्यावर, बांधावर. इब्ने खल्दून यांनी १३७७ मध्ये लिहिलेल्या 'मुकद्दिमा'त हेच सांगितले आहे. जन्मजात स्वभावापेक्षा माणूस अंगवळणी पडलेल्या सवयींनी अधिक घडतो. सुरगाण्यात राहणाऱ्यांना याचा दाखला शोधायला लांब जावे लागत नाही.

६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून शेतकऱ्यांचा लाँग मार्च निघाला. वनजमिनीचे हक्क आणि कर्जमाफी या प्रमुख मागण्या होत्या. त्यात आपल्या सुरगाणा तालुक्यातले कोकणा, वारली, महादेव कोळी मोठ्या संख्येने होते. सुमारे १८० किलोमीटर चालून ११ तारखेला ते मुंबईत सायनच्या सोमय्या मैदानावर पोचले. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, दहावीचा पेपर होता. सकाळी हजारो माणसे रस्त्यावर आली असती तर विद्यार्थी अडकले असते. म्हणून हे लोक विश्रांती सोडून रात्रीच उठले आणि उजाडण्याआधी आझाद मैदानावर जाऊन बसले. अनेकांच्या पायांची सालटी निघाली होती. मुंबईकरांनी पाणी, खाणे, चपला आणून दिल्या.

हे कुठून आले? संघटनेची शिस्त होतीच, ती नाकारून चालणार नाही. पण दमलेल्या माणसाने मध्यरात्री मुकाट्याने उठावे, हे नुसत्या हुकुमाने होत नाही. इथे भातलावणीला आज एकाच्या शेतात, उद्या दुसऱ्याच्या, असे हात लागतात. मार्गशीर्षात डोंगरदेवाचे व्रत असते. व्रत धरणारे पावरीच्या सुरावर रात्र रात्र फेर धरतात, गावोगाव फिरतात, खाण्यापिण्याचे नियम पाळतात. त्यांची श्रद्धा त्यांच्यापाशी, आपली आपल्यापाशी. पण सर्वांसोबत पाऊल टाकण्याची ही सवय लहानपणापासून मुरते, असे आम्हांला वाटते. पोराला कुणी बसवून शिकवत नाही. ते फेरात मोठ्यांचा हात धरते, एवढेच.

आपल्या घरांतही अशा रीती आहेत. रमजानमध्ये इफ्तारीचे ताट शेजारी पोचवायला आपण मुलालाच पाठवतो. पडोसीच्या हक्कावर तासभर बयान ऐकून जे होत नाही, ते त्या चार पावलांत होते. रस्त्यातली त्रासदायक वस्तू दूर करणे हा ईमानचाच भाग, हे तर मदरशातली लहान मुलेही सांगतात.

आणि त्याच दस्तरखानवर कधी कधी आदिवासींसाठी 'जंगली' हा शब्दही येतो. सहज येतो, हसत येतो. दुकानात आलेल्या म्हाताऱ्या गिऱ्हाईकाला 'ए' म्हणून हाक मारली जाते. मूल तेही शिकते, ताट पोचवायला जितक्या सहज शिकले तितक्याच सहज. मग वर्गात त्याच बाकावर नागली-भाकरीचा डबा उघडणाऱ्या दोस्ताकडे ते कसे पाहणार? माता-भगिनींनो, हा शब्द घरात कोण उच्चारतो, एवढे एकदा कान देऊन ऐका.

१२ मार्चच्या संध्याकाळी सरकारने लेखी आश्वासन दिले आणि माणसे परत फिरली. दहावीचा पेपर त्या दिवशी राज्यभर होता. चालणाऱ्यांच्या गावांतली मुलेही त्या सकाळी परीक्षा केंद्रावर बसली होती.