चुंबक उष्णतेलाही वळवतो?

ढोकीच्या स्टँडवर चिनी मातीच्या कपात चहा घ्या, बोटांना चटका बसतोच. पण चिनी मातीतून वीज जात नाही. मग उष्णता कोण नेतं? अणूंची थरथर. तिच्या लहानात लहान हिश्श्याला फोनॉन म्हणतात.

फोनॉनला विद्युतभार नसतो, म्हणजे चुंबकाला तो जुमानणार नाही, असंच वाटेल. पण २००५ मध्ये स्ट्रोम, रिकेन आणि वायडर यांना टर्बियमच्या एका वीजरोधक स्फटिकात, उणे २६८ अंशांच्या आसपास, चुंबकीय क्षेत्रात उष्णता किंचित बाजूला सरकलेली दिसली. संशय टर्बियमवर गेला: त्याचे अणू चुंबकीय, थरथर त्यांच्यात गुंतते. मात्र २०२० मध्ये चुंबकीय नसलेल्या स्ट्रॉन्शियम टायटनेटमध्येही तेच आढळलं! नेमकं कारण काय, यावर अजून वाद आहे. आणि असं वळण दिसलं म्हणून अनोखा कण सापडल्याचा दावा करणाऱ्यांना आता आधी फोनॉनचा हिशेब द्यावा लागतो.