खळाळत्या पाण्यावर (लेखांक ७) : वाळूचा एक कण

त्या दिवशी मी एकदाही पालथा झालो नव्हतो. गंगेवर कौडियालाहून निघून शिवपुरीला काठावर लागेपर्यंत डोक्यावरून पाणी गेलं ते फक्त लाटांचं, आणि कयाकमध्ये नेहमीइतकंच, पेलाभर शिरलं होतं. तरी शिवपुरीच्या वाळूवर बसून सीटच्या मागचा डबा ओढून काढला आणि हलवला, तेव्हा आत काहीतरी डुचमळलं. झाकण उघडलं तर कॅमेरा बोटभर पाण्यात बसलेला. डब्याला तडा नव्हता, कड्या घट्ट होत्या, विकत घेऊन वर्षही झालं नव्हतं.

आमच्याबरोबर तिथलाच एक गढवाली कयाकर होता, वयाने माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. त्याने डबा हातात घेतला आणि झाकणाच्या खोबणीतल्या रबरी रिंगवरून डोळे मिटून तर्जनी फिरवली. एका कोपऱ्यात बोट थांबलं. ‘भुला (धाकट्या भावा), इधर देख,’ म्हणाला. त्याच्या बोटाच्या टोकाला वाळूचे चार-पाच कण चिकटले होते आणि त्यांच्याबरोबर कॅमेरा पुसायच्या फडक्याचा एक धागा होता. निघण्यापूर्वी मी वाळूत गुडघे टेकून मंडळींचे फोटो काढत बसलो होतो. सगळे बोटीत बसून माझी वाट बघत होते. घाईघाईने कॅमेरा आत टाकला, झाकण दाबलं आणि पाण्यात उतरलो. कॅमेऱ्याचं जे व्हायचं ते तिथे, कोरड्या काठावरच होऊन गेलं होतं.

गेल्या आठवड्यात आपण हेल्मेट आणि लाइफ जॅकेटबद्दल बोललो. आज कॅमेऱ्याबद्दल लिहितोय, कारण या लेखमालेच्या वाचकांकडून सर्वांत जास्त विचारणा याचीच होते. बहुतेकांचा प्रश्न असतो, कुठला डबा घ्यावा? माझ्या मते डब्याची निवड हा सोपा भाग आहे. कडक प्लास्टिकचे, रबरी रिंगचे, कडीचे डबे बाजारात पुष्कळ आहेत आणि त्यातले चांगले डबे खरोखर चांगले आहेत. फरक पडतो तो ते बंद करणाऱ्या हाताने.

रबरी रिंगचं काम समजून घेतलं की हे पटतं. झाकण दाबलं की रिंग चेपते आणि समोरच्या कडेच्या बारीकसारीक उंचसखलपणात भरून बसते. पाण्याला वाट उरत नाही ती या चेपण्यामुळे. पण मध्ये वाळूचा कण आला की त्याच्या दोन्ही बाजूंना रबर उचललेलं राहतं. केस किंवा धागा त्याहून वाईट, कारण तो रिंगच्या आरपार आडवा पडतो आणि दिव्याच्या वातीसारखा पाणी आत ओढून आणतो.

तरीही केसाएवढ्या फटीतून बोटभर पाणी आलं कसं? याचं उत्तर उन्हात आहे. डबा तापलेल्या वाळूवर अर्धा तास उघडा पडला असेल, तर आतली हवा ४५-४७ अंशांवर सहज जाते. त्या गरम हवेवर आपण झाकण लावतो आणि डबा हिमालयातल्या नदीवर नेतो. पाणी १५-१६ अंशांचं धरा. हवा थंड झाली की तिचा दाब उतरतो. या हिशेबाने तो सुमारे दहा टक्क्यांनी उतरतो. दहा टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण डबा एक मीटर खोल पाण्यात धरल्यावर जेवढा दाब येईल, तेवढाच हा होतो. वीस सेंटिमीटर बाय पंचवीस सेंटिमीटरच्या झाकणावर जणू ५० किलोचं पोतं ठेवलंय! काठावर आल्यावर कधी कधी डबा काही केल्या उघडत नाही, तो यामुळेच. रिंग स्वच्छ असेल तर हा दाब तिला आणखी घट्ट बसवतो. वाळू अडकली असेल तर तोच दाब तासभर, न थांबता, पाणी आत खेचत राहतो. म्हणून डबा सावलीत ठेवावा, बंद करण्यापूर्वी त्याचा तळ नदीच्या पाण्याला टेकवून दोन मिनिटं थंड होऊ द्यावा आणि मगच झाकण लावावं. काही डब्यांना हवा सोडायची छोटी फिरकी असते. ती उघडली की दोन्हीकडचा दाब सारखा होतो, फक्त निघताना ती पुन्हा पिळायला विसरू नये.

कोलाडला दुखणं वेगळं. कुंडलिकेचं पाणी धरणातून वीजनिर्मिती करून सकाळी सोडलं जातं आणि त्या पाण्यावर आपण उतरतो. पावसाळ्यात तिथली हवाच ओली. ३० अंशांच्या संपृक्त हवेत दर घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम पाण्याची वाफ असते, १५ अंशांना ती १३ ग्रॅमवर येते. दहा लिटरच्या डब्यात तसली दमट हवा कोंडली आणि गार केली, तर तीन-साडेतीन थेंब पाणी सुटतं. तीन थेंबांनी कॅमेरा मरत नाही, पण तेच भिंगाच्या आतल्या बाजूला धुकं होऊन बसले की दिवसभराचे फोटो दुधाळ येतात. यावर उपाय म्हणजे रात्री कोरड्या खोलीत, पंख्याखाली डबा भरून ठेवणं आणि आत सिलिका जेलच्या ताज्या पुड्या टाकणं. पुड्या वर्षानुवर्षं त्याच वापरल्या तर त्यांचा उपयोग नाही. त्या मंद आचेवर तापवून पुन्हा कोरड्या कराव्या लागतात.

नदीच्या पाण्यात फिल्म भिजवून बसलेल्यांत पहिले आपण नव्हे. एल्सवर्थ आणि एमरी कोल्ब हे भाऊ सप्टेंबर १९११मध्ये अमेरिकेतल्या वायोमिंगमधून दोन लाकडी बोटी घेऊन निघाले. त्यांच्याबरोबर हाताने फिरवायचा चलत्‌चित्र कॅमेरा होता. ग्रँड कॅन्यन पार करून जानेवारी १९१२मध्ये ते कॅलिफोर्नियातल्या नीडल्सला पोचले. ना प्लास्टिक, ना आजच्यासारखे डबे. ती फिल्म पुढे कॅन्यनच्या काठावरच्या त्यांच्या स्टुडिओत एमरीच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९७६पर्यंत, दाखवली जात होती. तिच्यातल्या लाटा बघताना मला लाटांपेक्षा कॅमेऱ्यामागच्या माणसाचीच जास्त काळजी वाटते.

आता डबा बोटीत कुठे ठेवायचा, याकडे येतो. हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. कयाक उलटली आणि रोल, म्हणजे बसल्या जागी ती पुन्हा सुलटी करणं, जमला नाही, तर स्प्रे स्कर्ट (कमरेभोवतीचं, बोटीचं तोंड झाकणारं आच्छादन) ओढून आपल्याला डोकं खाली असताना बाहेर निघायचं असतं. त्या क्षणी पायांच्या वाटेत काहीही नको. डबा मांड्यांमध्ये ठेवणारे लोक आहेत, हात पटकन पोचतो म्हणून. नवशिक्याने हे करू नये. डबा सीटच्या मागे, बोटीच्या मधोमध असलेल्या फोमच्या भिंतीला चिकटून ठेवावा, अगदी आखूड पट्ट्याने करकचून बांधावा आणि तो सीटखालून पुढे सरकणार नाही ना, हे बोट उलटी करून हलवून बघावं. कॅराबिनर लावायचा तर स्क्रूने बंद होणारा. उघड-मिट होणारा साधा कॅराबिनर धडपडीत दुसऱ्याच एखाद्या दोरीवर आपोआप अडकू शकतो, आणि वाहत्या पाण्यात दोरीला अडकलेला माणूस काही करू शकत नाही. गळ्यात कॅमेऱ्याचा पट्टा? कधीच नाही. मी तो कापूनच टाकला आहे.

वजनाचंही बघा. कॅमेरा, एक लेन्स आणि डबा मिळून चार किलो सहज होतात. ते मागच्या भिंतीच्या एकाच अंगाला ठेवलं तर बोट त्या बाजूला झुकते, आणि मागचं टोक जड झालं की लाटेवर नाक वर उडतं. सीट एक घर पुढे घेतली आणि भिंतीच्या दुसऱ्या अंगाला पाण्याची बाटली व प्रथमोपचाराची पिशवी ठेवली की तोल सावरतो. एक दिलासा असा की पाच लिटरचा बंद डबा पाच किलो वजनापर्यंत तरंगतो. बोटीत पाणी भरलं तरी तेवढी जागा पाण्याला मिळत नाही. म्हणजे चांगला मिटलेला डबा हवेच्या पिशवीचंही थोडं काम करतो.

हेल्मेटवर बसवायच्या छोट्या कॅमेऱ्यांनी काम खूप सोपं केलं, हे खरं. पण त्यांतल्या काहींच्या खोक्यावरचा ‘एक मीटर, अर्धा तास’ हा आकडा स्थिर पाण्यात घेतलेल्या चाचणीचा असतो. सेकंदाला पाच मीटर वेगाने आदळणारं पाणी एकट्या वेगानेच सव्वा मीटर खोलीइतका दाब देतं. शिवाय हेल्मेटवरचा उंचवटा खडकात किंवा फांदीत अडकू शकतो. जोराचा हिसका बसला की सुटून पडेल, असाच चिकट तळ वापरावा. कॅमेरा गेला तर जाऊ दे, मान राहिली पाहिजे. हे कॅमेरे पाण्यात उतरण्यापूर्वीच चालू करून घ्यावेत. रॅपिडच्या तोंडाशी बटण चाचपताना वल्ह्यावरचा हात सुटलेला मी फार वेळा पाहिला आहे. भिंगावरचा थेंब पुसायला मी जॅकेटच्या खिशात शामॉय कातड्याचा तुकडा ठेवतो. तोही डब्यात ठेवू नये, कारण भिजलेलं कातडं आत गेलं की सिलिका जेलचं सारं काम वाया.

एवढं करूनही कॅमेरा भिजला तर? पहिलं म्हणजे चालू करून बघायचा मोह आवरा. बॅटरी त्याच क्षणी काढा, नुकसान विजेमुळे होतं. कार्ड काढून पुसून ठेवा, ते बहुधा वाचतं, माझंही वाचलं. लेन्स उतरवा, तोंड खाली करून पाणी निथळू द्या, कोरड्या फडक्यात गुंडाळा आणि हवेशीर सावलीत ठेवा. तांदळाच्या डब्यात पुरण्याने विशेष काही होत नाही, उलट पीठ आत जातं. गंगेच्या पाण्यातला बारीक गाळ बटणांखाली बसतो, त्यामुळे वरून कोरडा दिसला तरी दुरुस्तीवाल्याकडे उघडून साफ करून घ्यावाच. माझा तीन आठवड्यांनी सुरू झाला, पण एक चाक आजही कुरकुरतं.

पुढच्या हिवाळ्यात मी परत गेलो. कौडियालाच्या खाली ‘वॉल’ नावाचा रॅपिड आहे. पाणी मधल्या मोठ्या लाटेतून कड्याकडे ढकलतं. मी आधी उतरून खडकावर उभा राहिलो. डबा सावलीत, झाकण उघडं, कॅमेरा हातात, दोरीची पिशवी पायाशी. माझा मित्र तिसरा आला. लाटेत पालथा झाला, एक रोल चुकला, दुसरा चुकला, आणि मग बोटीच्या बाजूला त्याचं लाल हेल्मेट वर आलं. मी कॅमेरा खडकावर टाकला, ठेवला असं म्हणता येणार नाही, आणि दोरी फेकली. ती त्याच्या हेल्मेटपलीकडे पडून खांद्यावर घसरली. त्याने पकडली. मी खाली बसून टाचा रोवल्या आणि प्रवाह त्याला झोक्यासारखा काठाकडे घेऊन आला.

कॅमेऱ्याच्या पुढच्या फिल्टरला तडा गेला. कार्डातल्या शेवटच्या फोटोत उलट्या कयाकचा पिवळा तळ आहे, आणि त्याच्या शेजारी पाण्यातून वर आलेला एक हात. मित्राच्या घरी तो फोटो दिवाणखान्यात लावलेला आहे.

पुढच्या आठवड्यात त्या दोरीच्या पिशवीबद्दल : दोर आत कसा भरायचा, आणि फेकताना नजर माणसावर ठेवायची की पाण्यावर.