शस्त्रक्रियेआधीचा होकार

आंबिवली, शहाड, टिटवाळा या पट्ट्यातील एखाद्या कुटुंबावर अवघड आजाराचा प्रसंग ओढवला, की घरात साधारणपणे दोन प्रश्नांची चर्चा होते. शस्त्रक्रिया कोणाकडे करावी आणि खर्चाची तजवीज कशी करावी? व्यापारी कुटुंबांत या दोन्ही प्रश्नांची उत्तरे बहुधा मिळतात. नातेवाईक धावून येतात, समाजाचे न्यास हात देतात, विमा उपयोगी पडतो आणि परळ किंवा मुलुंडची वाट ओळखीची असते. मात्र हृदय निकामी झाले असेल, तर तिसरा प्रश्न उभा राहतो. दुसरे हृदय आणायचे कोठून? त्याचे उत्तर तिजोरीत नसते आणि शल्यविशारदाच्या हातातही नसते. ते असते एका अनोळखी कुटुंबाच्या होकारात. मुंबईतील हृदयप्रत्यारोपणाचा इतिहास हेच सांगतो.

या इतिहासाचा प्रारंभ महापालिकेच्या एका रुग्णालयात झाला. दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन येथे डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ रोजी जगातील पहिले मानवी हृदयप्रत्यारोपण केले. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, परळच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तशीच शस्त्रक्रिया केली. जगातील ते सहावे प्रत्यारोपण होते. त्यापूर्वीची पाचही दक्षिण आफ्रिका आणि अमेरिका या दोनच देशांत झाली होती. डॉ. सेन यांच्यामागे प्राण्यांवरील प्रयोगांची अनेक वर्षांची तयारी होती. डोक्याला गंभीर इजा झालेल्या एका तरुण स्त्रीचे हृदय एका तरुण शेतकऱ्याच्या छातीत बसवण्यात आले आणि ते धडधडूही लागले. परंतु सुमारे तीन तासांनी रुग्ण दगावला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये झालेल्या दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण चौदा तास जगला. त्यानंतर हे काम थांबले.

या दोन शस्त्रक्रियांना केवळ अपयश म्हणणे अन्यायाचे होईल. डॉ. सेन यांच्या हातात कौशल्य होते. त्या कौशल्याला लागणारा आधार तेव्हा जगातच पुरेसा तयार झालेला नव्हता. शरीर परका अवयव ओळखते आणि त्याला नाकारते. ही प्रतिक्रिया ताब्यात ठेवणारे सायक्लोस्पोरिन हे प्रभावी औषध सर्रास वापरात यायला १९८० चे दशक उजाडावे लागले. दीर्घकाळ हृदयविकार असलेल्या अनेक रुग्णांच्या फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांमध्ये दाब वाढलेला असतो आणि नव्या हृदयाला त्या दाबाविरुद्ध एकाएकी काम करावे लागते. आज प्रत्यारोपणापूर्वी हा दाब मोजतात आणि तो फार असल्यास शस्त्रक्रियेचा निर्णय बदलतात. असे ज्ञान पहिल्या काही वर्षांच्या कटू अनुभवांतूनच साचत गेले.

दुसरी उणीव कायद्याची होती. जिचे हृदय घ्यायचे ती व्यक्ती मृत आहे, हे कोणी आणि कशाच्या आधारे ठरवायचे? हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीने मेंदूमृत्यूचे निकष प्रसिद्ध केले ते ऑगस्ट १९६८ मध्ये, म्हणजे परळच्या पहिल्या शस्त्रक्रियेनंतर. भारतात मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ साली झाला. त्याच वर्षी ३ ऑगस्ट रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाळ यांनी देशातील पहिले यशस्वी हृदयप्रत्यारोपण केले. महाराष्ट्रात हा कायदा फेब्रुवारी १९९५ पासून लागू आहे.

त्यानंतरही मुंबईला बरीच वर्षे वाट पाहावी लागली. अखेर ३ ऑगस्ट २०१५ रोजी मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात डॉ. अन्वय मुळे यांच्या पथकाने बदलापूरच्या एका बावीस वर्षांच्या तरुणावर हृदयप्रत्यारोपण केले. डॉ. सेन यांच्या प्रयत्नानंतर सत्तेचाळीस वर्षांनी मुंबईला हे यश मिळाले. हृदय आले होते पुण्याच्या जहांगीर रुग्णालयातून, मेंदूमृत घोषित झालेल्या एका महिलेचे. छातीतून काढलेले हृदय साधारण चार ते सहा तासच प्रत्यारोपणास योग्य राहते, आणि ते नव्या शरीरात जोडण्याचा वेळही त्यातच मोजायचा असतो. म्हणून पुण्यात विमानतळापर्यंत, पुढे विमानाने आणि मुंबई विमानतळावरून मुलुंडपर्यंत, असा सारा प्रवास पोलिसांनी मोकळ्या ठेवलेल्या मार्गाने झाला. या व्यवस्थेला 'ग्रीन कॉरिडॉर' म्हणतात.

वर्तमानपत्रांत छायाचित्र येते ते धावत्या रुग्णवाहिकेचे. पण ती रुग्णवाहिका निघण्यापूर्वी पुण्यातील एका घराने, दुःखाच्या ऐन भरात, होकार दिला होता. तो मिळाला नसता, तर मुलुंडचे सुसज्ज शस्त्रक्रियागृह, हृदय-फुप्फुस यंत्र आणि निष्णात पथक, सगळे असूनही त्या तरुणासाठी काहीच करता आले नसते.

हा होकार अवघड का जातो, हे समजून घेतले पाहिजे. मेंदूमृत्यूमध्ये मेंदूचे, विशेषतः मेंदूच्या खोडाचे, कार्य कायमचे थांबलेले असते. कृत्रिम श्वसनयंत्रामुळे छाती हलते, हृदयाचे ठोके पडद्यावर दिसतात, हात ऊबदार लागतो. समोर दिसणारे हे दृश्य आणि डॉक्टरांचे शब्द यांचा मेळ नातेवाइकांना घालता येत नाही. 'कोमातून माणसे परत येतात, मग इथे घाई कशाला?' असा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु कोमात मेंदू काही अंशी जिवंत असतो. मेंदूमृत्यूतून परतणे नाही. हा फरक एका डॉक्टरच्या मतावर सोडलेला नाही. चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासण्या करायच्या, असा नियम आहे. श्वसनयंत्राच्या आधाराशिवाय रुग्ण स्वतः श्वास घेऊ शकतो का, ही चाचणीही त्यात असते. प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातील कोणालाही या मंडळात बसता येत नाही. हिशेब लिहिणारा आणि हिशेब तपासणारा वेगळा असावा, हे पेढीवरचे तत्त्व येथे कायद्याने पाळले आहे.

पुढची शंका बहुधा व्यवहाराची असते. आपण दिलेला अवयव एखाद्या धनिकाला तर विकला जाणार नाही ना? मुंबईत २००० सालापासून विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र काम करते आहे. प्रतीक्षायादी, रक्तगट, आजाराची तीव्रता अशा निकषांवर अवयवाचे वाटप होते. अवयवाची खरेदी-विक्री हा गुन्हा असून २०११ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी पाच ते दहा वर्षांचा कारावास आणि वीस लाख ते एक कोटी रुपये दंड अशी तरतूद आहे. दात्याच्या कुटुंबाला मोबदला मिळत नाही आणि अवयव काढण्याचा खर्चही त्याच्यावर पडत नाही. शरीर शस्त्रक्रियेनंतर नीट शिवून कुटुंबाच्या स्वाधीन केले जाते. अंत्यविधी नेहमीप्रमाणे होतात. अपघाताच्या प्रकरणात पोलिसांची कार्यवाही आणि शवविच्छेदन करावे लागते, पण त्यामुळे दान अशक्य होत नाही.

आंबिवलीसारख्या ठिकाणी ही माहिती असण्याला विशेष कारण आहे. येथील माणसांचे आयुष्य लोकलच्या वेळापत्रकाला बांधलेले. कल्याण-कसारा मार्गावरील गर्दी, कल्याण-मुरबाड रस्त्यावरील वाहतूक आणि त्यांतून होणारे डोक्याचे अपघात परिसराला नवे नाहीत. रेल्वे अपघाताच्या याच भीषण वास्तवाला दुसरी बाजूही आहे. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर स्थानकात लोकलखाली सापडून एका महाविद्यालयीन तरुणीने दोन्ही हात गमावले. ऑगस्ट २०२० मध्ये परळच्या एका रुग्णालयात तिच्यावर दोन्ही हातांचे प्रत्यारोपण झाले. हात आले होते चेन्नईहून. हाडे, रक्तवाहिन्या, स्नायू, मज्जातंतू आणि त्वचा, एवढे सगळे जुळवण्याची ही अतिशय दुर्मिळ शस्त्रक्रिया आहे. हृदय शरीराच्या आत असते, हात मात्र सर्वांना दिसतात. ते देण्यास हो म्हणणाऱ्या कुटुंबाला किती धैर्य लागले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

दान कोठे आणि कसे शक्य असते, यातही फरक आहे. हृदय, फुप्फुसे, यकृत, मूत्रपिंडे हे अवयव मेंदूमृत्यूनंतर, अतिदक्षता विभागात आणि मान्यताप्राप्त रुग्णालयातच घेता येतात. मृत्यू घरी झाला, तर हे अवयव देता येत नाहीत. नेत्रदान मात्र करता येते. त्यासाठी मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपेढीचे पथक घरी येऊ शकते. तोवर पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोके उशीवर थोडे उंच ठेवावे आणि पंखा बंद करावा. चष्मा, मोतीबिंदूची झालेली शस्त्रक्रिया किंवा मधुमेह यांमुळे नेत्रदान अडत नाही. त्वचादानही घरून होऊ शकते; ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचापेढी आहे आणि गंभीर भाजलेल्या रुग्णांना तिचा उपयोग होतो.

आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही दानाची चार रूपे जैन कुटुंबांत लहानपणापासून कानावर पडतात. डायलिसिस यंत्रे, रुग्णवाहिका, औषधांसाठी निधी यांत व्यापारी समाज मागे राहिलेला नाही. धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवण्याची योजना महाराष्ट्रात २००६ पासून आहे. गरजूंना तिची माहिती करून देणे हेही मोठे काम आहे. परंतु देणगीने डायलिसिसचे यंत्र येते, मूत्रपिंड येत नाही. जवळचे नातेवाईक जिवंतपणी एक मूत्रपिंड किंवा यकृताचा काही भाग देऊ शकतात. हृदयाच्या बाबतीत तोही मार्ग नाही. ज्यांच्या मनात श्रद्धेविषयी प्रश्न असतील, त्यांनी ते आपल्या गुरुजनांना शांतपणे विचारावेत; पण ते आज विचारावेत, अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभे राहून नव्हे.

कारण व्यवहारात सर्वांत मोठी अडचण येथेच येते. अवयवदानाची प्रतिज्ञा नोंदवून कार्ड घेणारे पुष्कळ असतात. राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेकडे ही नोंदणी करता येते. मात्र ते कार्ड पाकिटात राहते आणि घरी कोणाला ठाऊक नसते. प्रत्यक्ष प्रसंगी डॉक्टर जवळच्या नातेवाइकांची संमती मागतात. त्यांना मृताची इच्छाच माहीत नसेल, तर ती कोरी जागा भीती आणि संभ्रम भरून काढतात, आणि उत्तर नकाराचे येते. बँकेतील खाते किंवा विमापत्र कोठे आहे हे घरी न सांगितल्यामुळे वारसांची होणारी धावपळ व्यापारी कुटुंबांनी पाहिलेली असते. ती रक्कम निदान काही महिन्यांनी तरी हाती येते. अवयवांच्या बाबतीत तेवढी सवड नसते. काही तास उलटले, की संधी संपते.

म्हणून नामनिर्देशनाचे कागद जेव्हा तपासायला काढले जातात, त्याच बैठकीत हा विषयही निघावा. घरातील प्रत्येक सज्ञान व्यक्तीने आपली इच्छा, ती होकाराची असो वा नकाराची, पती-पत्नीला आणि मुलांना स्पष्ट शब्दांत सांगावी. ज्यांचा नकार असेल त्यांच्यावर दडपण आणू नये. दान सक्तीचे असत नाही. ज्यांचा होकार असेल त्यांनी नोंदणी करावी आणि कार्ड महत्त्वाच्या कागदांसोबत ठेवावे. दिवाळीत वह्या बदलतात तेव्हा, किंवा पर्युषणात सगळे एकत्र येतात तेव्हा, या बोलण्यासाठी अर्धा तास काढणे कठीण नाही.

१९६८ साली डॉ. सेन यांच्याजवळ जिद्द होती, पण औषध नव्हते आणि कायदाही नव्हता. आज या दोन्ही गोष्टी आहेत, आणि आंबिवलीच्या माणसाला लोकलने गाठता येतील अशी रुग्णालयेही आहेत. अजूनही कमतरता आहे ती दात्यांची. प्रतीक्षायादीतील रुग्णांची शस्त्रक्रिया कधी होईल, हे कोणत्या तरी घरात आधीच झालेल्या अर्ध्या तासाच्या बोलण्यावर अवलंबून आहे.