चार तारांतला भूप

तेलीबांधा तलावाच्या काठाला रायपूरकर मरीन ड्राइव्ह म्हणतात. संध्याकाळी इथे चाट, भुट्टे, फुगे आणि सेल्फीवाल्यांची झुंबड उडालेली असते आणि या सगळ्यावर तो उंच तिरंगा. अशा गर्दीत मी हातभर लांबीचं एक वाद्य मांडीवर घेऊन बसलो की दर दहा मिनिटांनी कुणीतरी थांबतं. ‘ये का बाजा आय?’ कुणाला ती पोरांची गिटार वाटते, कुणाला तंबुरा. हा तीजनबाईंचा मुलूख आहे, हातात तारांचं काही दिसलं की लोकांना आधी त्यांची पंडवानी, म्हणजे गाऊन सांगितलेलं महाभारत, आठवते. मी सांगतो, युकुलेले. पुढचा प्रश्न ठरलेला: ‘विदेशी है?’

याला ‘हो’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण मी जसजसा या वाद्याच्या मागे लागलो, तसतसं ते ओळखीचं निघत गेलं.

माझं युकुलेले आत्याच्या माळ्यावर सापडलं. आतोबा बंगाल-नागपूर रेल्वेत नोकरीला होते, बदल्यांच्या गावांतून कुठूनतरी त्यांनी ते आणलं असावं. डांबरगोळ्यांचा वास, खुंट्या लाकडाच्या, तारा गंजलेल्या आणि घोडी एका बाजूने तबलीपासून सुटून नखभर वर आलेली. ती घोडी चिकटवून नव्या तारा चढवल्या आणि सुरात लावायला बसलो, तेव्हा पहिला धक्का बसला.

गिटारचा हिशेब साधा असतो. हनुवटीकडची तार सर्वांत खर्जातली, मग क्रमाने चढत जायचं. इथे तसं नाही. पांढरी एकचा सा धरला तर हनुवटीकडून तारा येतात त्या प, सा, ग, ध अशा. पहिलीच तार पंचमाची, तीही वरच्या पंचमाची. मग एकदम खाली उतरून सा आणि तिथून पुन्हा चढण. आकड्यांत सांगायचं तर कंपनं सेकंदाला 392, 262, 330 आणि 440. मला वाटलं, आपण तारच चुकीची चढवली.

मग लक्षात आलं, हे तर तंबोऱ्यात रोज ऐकतो. तिथे पहिली तार पंचमाची, मग जोडीचे दोन षड्ज आणि शेवटची तार खर्जाची. ओळीत उभ्या तारा स्वरांच्या ओळीत नसतातच. तंबोऱ्यात त्या उतारामुळे आवर्तन पुरं झाल्यासारखं वाटतं. युकुलेलेत उलट घडतं. चारही स्वर सा ते ध एवढ्याशा जागेत दाटीने बसलेले, खाली मंद्राचा आधार नाही. बोट एकदा तारांवरून फिरवलं की स्वर आधी उंचावरून पडतो, मग उसळी घेतो. ते खिदळणं या वाद्याच्या अंगातच आहे, वाजवणाऱ्याचं त्यात काही कौतुक नाही.

आणि जरा पुन्हा पाहा: सा, ग, प, ध. भूपातला एकच स्वर कमी आहे, रिषभ, आणि तो साच्या तारेवर दुसऱ्या पडद्यापाशी वाट बघत असतो. म्हणजे काहीही न दाबता नुसता हात फिरवला तरी भूपाच्या अंगणात पाय पडतो. पडदे पक्के असल्यामुळे गंधार जरा चढा लागतो आणि पट्टीचा गवई नाक मुरडेल. पण तो पेटीच्या गंधारालाही नाक मुरडतो.

हे वाद्य ज्या बेटांच्या नावाने ओळखलं जातं, त्या हवाईत ते जन्माने हवाईयन नाहीच. ऑगस्ट 1879 मध्ये ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाचं जहाज होनोलुलूला लागलं. (त्याच वर्षी, दोन वर्षं रायपुरात राहिलेला नरेंद्र दत्त, म्हणजे पुढचा विवेकानंद, कलकत्त्याला परतला. संबंध काही नाही, पण रायपूरकराला 1879 म्हटलं की तेच आठवतं.) जहाजात मदैरा या पोर्तुगीज बेटावरची चारशेहून अधिक माणसं होती, चार महिन्यांचा प्रवास करून उसाच्या मळ्यांवर मजुरीला आलेली. त्यांच्या सामानात ब्रागिन्या नावाचं चार तारांचं छोटं वाद्य होतं. दोनच आठवड्यांत तिथल्या वर्तमानपत्रात छापून आलं की ही मंडळी रात्री रस्त्यावर गाऊनवाजवून लोकांना खूश करताहेत. त्याच जहाजातून आलेले मानुएल नुनेस, आउगुश्तो दियास आणि जुझे दु इश्पिरितु सांतु हे तिघे सुतारकामातले होते. मळ्यातून सुटल्यावर त्यांनी होनोलुलूत लाकूडकामाची दुकानं टाकली आणि स्थानिक कोआ लाकडात ही वाद्यं घडवायला लागले. राजा कालाकौआला ती इतकी आवडली की दरबारच्या हुला नाचात त्यांना जागा मिळाली. नाव पडलं युकुलेले, म्हणजे उड्या मारणारी पिसू. वाजवणाऱ्याची बोटं पाहून पडलं असावं. राणी लिलिउओकलानीला मात्र हा अर्थ पसंत नव्हता. तिच्या मते ‘उकु’ म्हणजे भेट आणि ‘लेले’ म्हणजे येणं: इथवर चालत आलेली भेट.

पोर्तुगिजांची अशी भेट आपल्यालाही मिळाली. पाव, बटाटा, बादली, पगार ही त्यांचीच. गिटारची तार पिळताना आपण ‘चावी फिरव’ म्हणतो, ती चावीसुद्धा. वाद्य तेवढं समुद्रापलीकडे गेलं, शब्द इथे राहिले.

मदैरातल्या सुतारांची गोष्ट वाचताना मला सारखी मिरज आठवत होती. मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, तलवारी-भाल्यांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात संस्थानांच्या फौजा ओसरल्या, धारेला गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तोच हात तंबोऱ्याकडे वळवला. भोपळे पंढरपूरच्या बाजूचे, कान मिरजेचा. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. साधारण त्याच शतकात जगाच्या दोन टोकांना पोटासाठी कामाची दिशा बदललेल्या माणसांनी आज आपण ऐकतो ती वाद्यं घडवली. लाकूड तासणाऱ्या हाताला ऐकता येऊ लागलं की काय होतं, हे मला तरी कुठल्या संगीतशास्त्राच्या ग्रंथापेक्षा इथे जास्त कळलं.

युकुलेलेचं पुढचं वेगाने घडलं. 1915 मध्ये सान फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात हवाईच्या दालनाने अमेरिकेला वेड लावलं. मार्टिनसारखी गिटारची नामांकित कंपनी युकुलेले बनवू लागली आणि 1920 च्या दशकात गिटारींपेक्षा तेच जास्त विकू लागली. होनोलुलूत सॅम्युएल कामाका यांनी 1916 मध्ये दुकान काढलं, अननसाच्या आकाराचं युकुलेले बनवलं आणि 1928 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. 1949 च्या सुमारास मारिओ माकाफेर्री या इटालियन गृहस्थाने चक्क प्लास्टिकचं युकुलेले काढलं आणि ते लाखांनी खपलं. त्याआधी हाच माणूस कपड्यांचे प्लास्टिकचे चिमटे विकत होता. आज संग्राहक ते प्लास्टिकही जपून ठेवतात, आणि त्यांना हसू नका, त्याचा आवाज खरंच गोड आहे.

जुनं युकुलेले ओळखणं म्हणजे थोडी हेरगिरीच. मार्टिनने सुरुवातीची काही सोडली तर युकुलेलेवर क्रमांकच घातले नाहीत. म्हणून संग्राहक खुंट्यांकडे बघतात: लाकडी असतील तर आधीचं, धातूच्या असतील तर नंतरचं. शिक्का दांडीच्या डोक्यामागे आहे की पोटात, त्यात ‘मेड इन यूएसए’ आहे का, ठिपके किती, कडेची पट्टी कसली, असं बघत बघत साल ठरतं. माझ्याच्या पोटात टॉर्च घालून पाहिलं तर शिक्का नाही, फक्त मेलेलं झुरळ निघालं.

कोआ लाकडाची मात्र गंमत सांगायलाच हवी. हवाईखेरीज हे झाड नैसर्गिकरीत्या कुठे उगवत नाही, पण ते बाभळीच्या गोतावळ्यातलं. आपल्याकडे रस्त्याकडेला आणि वनखात्याच्या लागवडीत विळ्यासारख्या वाकड्या पानांची ऑस्ट्रेलियन बाभूळ दिसते ना, तिचं ते नातलग. दोघांची ती ‘पानं’ पानं नसतातच, तो चपटा झालेला देठ असतो. रोप कोवळं असताना दोघांनाही बाभळीसारखी बारीक पिसाऱ्याची खरी पानं येतात, मग झाड मोठं होताना पानं गळून देठ रुंदावतात. लहान रोपात दोन्ही एकाच फांदीवर बघायला मिळतात. ग्रेट ईस्टर्न रोडवरून जाताना मी आता त्या झाडांकडे वाद्याचे चुलत भाऊ म्हणून बघतो.

अशा लाकडाला रायपूरचा मे महिना सोसत नाही. तबली जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची. चव्वेचाळीस अंशांच्या कोरड्या वाऱ्यात ती आकसते, पडद्यांची टोकं दांडीबाहेर येऊन बोटांना टोचतात, कधी तबलीला उभी चीर जाते. साधारण पन्नास टक्के आर्द्रता तिला मानवते. महागडी उपकरणं घेण्याआधी मला आढळलं की घरात ती हवा एकाच खोलीत असते, वाळ्याच्या कूलरची. तेव्हापासून उन्हाळाभर युकुलेले तिथेच, थेट झोतापासून दूर आणि पेटीत एका भोकं पाडलेल्या साबणदाणीत ओला स्पंज. पावसाळ्यात स्पंज काढायचा, नाहीतर बुरशी धरते.

राहिली ती सुटलेली घोडी. ती का सुटली, हे तारा काढताना कळलं. पूर्वी या वाद्याला तात लावत, पिंजाऱ्याच्या धनुकलीला असते तशीच, जनावराच्या आतड्याची. नंतर नायलॉन आलं. माझ्या वाद्यावर कुणीतरी मेंडोलिनच्या पोलादी तारा ताणून बसवल्या होत्या आणि त्यांनी घोडी मुळासकट उपटायला घेतली होती. तुमच्याही घरात माळ्यावर असं एखादं चार तारांचं खेळणं पडलं असेल तर फेकू नका, आधी पोटात टॉर्च घालून शिक्का बघा. वाजवायचं ठरलं तर नायलॉनच्या तारा लावा. पोलादी अजिबात नको.