वेळासची नोंदवही

पहाटे साडेचारच्या सुमारास सुरूच्या बनातून पुळणीवर उतरताना, माझ्या पुढे चालणाऱ्या तरुणाने हातातली विजेरी विझवली आणि मलाही तसेच करायला सांगितले. कारण डोळे एकदा काळोखाला सरावले की वाळूवरचा माग उजेडाच्या झोतापेक्षा काळोखातच अधिक चांगला उमटून दिसतो, असा त्याचा अनेक हंगामांचा अनुभव होता. महाशिवरात्रीनंतरची ती तिसरी रात्र. आकाशात चंद्र नव्हता, उधाणाची भरती रात्री एकच्या सुमारास येऊन गेली होती आणि समुद्र आता बराच मागे सरकला होता. आम्ही भरतीच्या ओल्या रेषेच्या कडेने, एक शब्दही न बोलता, पुळणीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे निघालो. हा तरुण कासवमित्र. नोव्हेंबरपासून पुढे हंगाम संपेपर्यंत ही पुळण रोज पायांखाली घालणे हे त्याचे काम.

वेळास हे रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातले, सावित्री नदीच्या मुखाजवळचे गाव. बागमांडल्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडून वेश्वीला उतरावे, बाणकोटच्या किल्ल्याखालून समुद्राच्या कडेकडेने यावे, आणि रस्ता डोंगराच्या कुशीत वळला की नारळी-पोफळींच्या आगरांत लपलेली कौलारू घरे दिसू लागतात. गाव आणि समुद्र यांच्यामध्ये शेते आहेत, त्यामुळे किनाऱ्यावरच्या गावात येऊनही समुद्र प्रथम दृष्टीस पडत नाही, त्याची गाज मात्र रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या ऐकू येते. पेशवाईच्या उत्तरकाळात राज्याचे दप्तर ज्यांनी सांभाळले त्या नाना फडणिसांच्या भानू घराण्याचे हे मूळ गाव. आणि ज्या बाळाजी विश्वनाथांच्या उदयाबरोबर हे घराणे पुढे आले, त्यांचे श्रीवर्धन खाडीपलीकडे, फार दूर नाही. हा इतिहास मला ठाऊक होता. परंतु फडणिशी म्हणजे नेमके काय, रोजच्या रोज, न चुकता, प्रत्येक बाबीची नोंद ठेवणे म्हणजे काय, हे मला या गावात एका कासवमित्राच्या वहीवरून उमगले.

पुळणीचा निम्मा पल्ला ओलांडल्यावर तो थांबला. समोर, पाण्याकडून वर चढत गेलेला, ट्रॅक्टरच्या चाकाने उमटावा तसा एक रुंद पट्टा होता. त्यापासून काही हातांवर तसाच दुसरा, पाण्याकडे परतलेला. ऑलिव्ह रिडले जातीचे कासव वाळूवर चालताना डावा-उजवा असे वल्ह्यांसारखे पाय आळीपाळीने टाकते, म्हणून त्याच्या मागाच्या दोन्ही कडांवरच्या खुणा एकमेकींसमोर येत नाहीत. मादी येऊन, आपले काम उरकून, निघूनही गेली होती. मला क्षणभर विषाद वाटला. तिला पाहण्याची उत्कंठा मनात होती. कासवमित्राला मात्र त्याचे काही वाटले नाही. ती निर्वेध आली आणि निर्वेध गेली, यातच त्याला समाधान होते.

दोन्ही माग जेथे मिळत होते तेथे वाळू विस्कटलेली होती. मादी मागच्या पायांनी सुमारे दीड फूट खोल, तोंडाशी अरुंद आणि तळाशी फुगीर असा खड्डा खणते, त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते, आणि मग आपल्या देहाच्या भाराने ती जागा दोन्ही अंगांनी आपटून आपटून चोपते. चाळीसेक किलोंच्या त्या देहाने केलेली ही सारवण इतकी बेमालूम असते की विस्कटलेल्या वाळूत नेमके तोंड कोठे आहे ते सहज सापडू नये. कासवमित्र गुडघ्यांवर बसला आणि तळहाताने वाळू दाबत दाबत पुढे सरकू लागला. एका ठिकाणी हात किंचित आत गेला. तेथून पुढे त्याने कोणतेही हत्यार वापरले नाही. ओंजळीने वाळू काढत काढत तो कोपरापर्यंत आत गेला, आणि मग त्याच्या बोटांमध्ये पहिले अंडे आले: पांढरे, टेबलटेनिसच्या चेंडूएवढे, चामड्यासारख्या मऊ कवचाचे.

अंडी जागेवरून हलवणे मुळात योग्य का, हा प्रश्न मी त्याला तेथेच विचारला. हे घरटे भरतीच्या रेषेच्या फार जवळ होते, पुढच्या उधाणात पाणी त्यावरून फिरले असते. शिवाय कोल्हे, कुत्री आणि घोरपडी यांना या वाळूखालचा ठेवा वासाने कळतो. म्हणून अंडी त्यांच्या राखणीसाठी घातलेल्या कुंपणात न्यायची. पण न्यायची ती काही तासांच्या आत, आणि वरची बाजू वर, खालची खाली ठेवून. अंड्यातला गर्भ लौकरच कवचाच्या वरच्या अंगाला चिकटतो. त्यानंतर अंडे उलटले तर तो मरतो. त्या काळोखात, कपाळावर घाम आलेला असताना, एकेक अंडे दोन बोटांत धरून, न फिरवता, बादलीतल्या ओल्या वाळूवर ठेवणारा तो हात मी किती तरी वेळ पाहत राहिलो. रत्ने पारखणाऱ्याचा हात मी पाहिला आहे. त्यातही इतकी अदब नव्हती.

अंडी ११८ भरली. मूळ खड्ड्याची खोली त्याने टेपने मोजली. कुंपणात तेवढ्याच खोलीचा, त्याच घाटाचा खड्डा हातांनी खणला. अंडी त्यात ठेवली, मूळ घरट्यातली वाळू वर पसरली, आणि शेजारी फळी रोवली. मग मांडी घालून बसून वही उघडली. तारीख, वेळ, किनाऱ्यावरचे ठिकाण, भरतीच्या रेषेपासूनचे अंतर, खोली, अंड्यांची संख्या. अंडी उबायला ४५ ते ६० दिवस लागतात, त्या हिशेबाने एप्रिलच्या मध्यावर ही फळी पुन्हा पाहायची. त्या अवधीत आई येणार नाही. वाळूची ऊबच पिल्लांना वाढवणार, आणि तीच त्यांचे लिंगही ठरवणार. वाळू अधिक तापली तर माद्या अधिक, कमी तापली तर नर अधिक. उन्हाळे असेच चढत राहिले तर या वहीतल्या संख्यांमागे काय दडलेले असेल, हा विचार मला अस्वस्थ करून गेला.

कासवाशी आपल्या समाजाचा परिचय जुना आहे. देवळात शिरताना सभामंडपाच्या फरशीत कोरलेले कासव ओलांडूनच आपण देवापुढे उभे राहतो. विष्णूचा दुसरा अवतार तोच. गीतेने स्थितप्रज्ञाचे लक्षण सांगताना अवयव आत ओढून घेणाऱ्या कूर्माचाच दृष्टान्त घेतला. समुद्रातल्या या कासवाला मात्र डोके आणि पाय कवचात ओढून घेता येत नाहीत. संकट आले तर त्याला उघड्या अंगानेच सोसावे लागते. आणि आपल्या संतवाङ्मयातली जी सर्वांत हृद्य समजूत, की कासवी पिल्लांना दूध पाजत नाही, पंखाखाली घेत नाही, केवळ प्रेमाच्या दृष्टीने पाहून त्यांना वाढवते, ती तर या पुळणीवर उभे राहिले की फारच वेगळी भासते. ही आई आपली पिल्ले कधी पाहतच नाही. त्यांच्यावर दृष्टी ठेवतात ती या गावची माणसे.

ही दृष्टी गावाला नेहमीच होती असे नाही. ज्या घरी मी उतरलो होतो तेथल्या आजींनी, पडवीत तांदूळ निवडता निवडता, माझ्या प्रश्नाला सरळ उत्तर दिले: “खाल्लीत ना आम्ही अंडी. विकायलाही न्यायचे. कोण होतं तेव्हा सांगायला?” कायदा होता, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या प्राण्याला पहिल्या अनुसूचीचे संरक्षण दिले आहे, पण कायद्याचा अंमल तालुक्याच्या कचेरीपासून पुळणीपर्यंत आपोआप चालत येत नाही. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी पांढऱ्या पोटाच्या समुद्रगरुडाच्या घरट्यांची पाहणी करत या किनाऱ्यावर आले असता त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली, आणि शोध एका पक्ष्याचा असताना काम दुसऱ्याच जीवाचे सुरू झाले. मला या कामातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट ही वाटते की त्यांनी पुळणीची राखण बाहेरच्या माणसांवर सोपवली नाही. ज्याला घरटे कसे शोधावे हे पिढीजात ठाऊक आहे, त्याच्याच हाती ते राखण्याची जबाबदारी दिली. पुढे २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला; पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरू लागले, त्यांच्याच पंगतीत जेवू लागले. वनखात्याने आणि त्याच्या कांदळवन कक्षाने हे काम पुढे आपल्या हाती घेतले, आणि आज कोकणातल्या अनेक गावांत अशी कुंपणे उभी आहेत.

राहण्याची व्यवस्था साधी: माजघरात किंवा पडवीत गादी, आंघोळीला चुलीवर तापलेले पाणी, जेवायला तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले, सोलकढी, आणि दुसऱ्या दिवशी उकडीचे मोदक. घरच्या वहिनींनी अधिक वाढताना जो आग्रह केला तो पैसे देऊन राहणाऱ्याला होत असतो तसा नव्हता.

मी पोहोचलो त्या संध्याकाळी पिल्ले निघाली नव्हती. मुदत भरत आलेल्या घरट्यांवर कासवमित्र टोपल्या पालथ्या घालून ठेवतात. दोरीच्या अलीकडे पुण्या-मुंबईची पन्नासेक माणसे मुलाबाळांसह उभी होती. एकेक टोपली उचलली गेली, खाली सपाट वाळू दिसली, टोपली पुन्हा जागेवर ठेवली गेली. काही जण नाराज झाले. एवढ्या दूर येऊन काहीच नाही, असे कोणी म्हणाले, तेव्हा कासवमित्र शांतपणे म्हणाला, “त्यांची वेळ झाली की ती येतात. आम्ही काही त्यांना बोलवत नाही.” वाळू उकरून चार पिल्ले दाखवणे त्याला सहज शक्य होते. पाहुण्यांवर गावाची मिळकत अवलंबून असतानाही ते कोणी करत नाही, याबद्दल मला या गावाविषयी नितान्त आदर वाटतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, जानेवारीत भरलेल्या एका घरट्यावरची टोपली उचलली तेव्हा खालची वाळू जिवंत झालेली होती. पिल्ले एकेकटी वर येत नाहीत. कवच फोडल्यावर ती खालीच थांबतात, आणि मग सारी मिळून हातपाय हलवू लागली की वरची वाळू खाली झिरपते आणि तळ हळूहळू उचलला जातो. बोटभर लांबीची, काळपट, डोळ्यांच्या कडांना वाळू चिकटलेली ती ६७ पिल्ले टोपलीतून पाण्याच्या अलीकडे काही पावलांवर सोडण्यात आली. थेट पाण्यात नाही. हे अंतर त्यांनी स्वतःच चालायचे असते, कारण ज्या किनाऱ्यावर आपण जन्मलो त्याची ओळख माद्यांच्या अंगी याच वेळी ठसते असे मानतात. एक लहान मुलगी आईचा हात घट्ट धरून उभी होती आणि लाटेने एखादे पिल्लू मागे ढकलले की अस्फुट ओरडत होती. पंधरा-वीस ग्रॅमचा तो जीव पुन्हा तोंड फिरवून समुद्राकडेच निघत होता.

ती कोठे जातात? ओडिशाच्या गहिरमाथ्याला या जातीच्या लाखो माद्या एकाच वेळी किनाऱ्यावर येतात. कोकणात त्या एकट्यादुकट्या येतात, म्हणून त्यांच्याकडे फारसे लक्ष गेले नव्हते. २०२२ च्या जानेवारीत वेळासलाच एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवण्यात आले; तिचे नाव ‘प्रथमा’ ठेवले. आणि २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर खुणेचा बिल्ला लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली, तेव्हा पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवे अगदी निराळी, या समजुतीला धक्का बसला. एवढ्या प्रवासात जाळी आहेतच. जाळ्यात सापडलेले कासव जाळे कापून सोडून देणाऱ्या मच्छीमाराला राज्य सरकार २०१८ पासून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देते. जाळे हीच ज्याची दौलत त्याच्याकडून दयेची अपेक्षा करताना त्याच्या नुकसानीचाही विचार व्हावा, हे न्यायाला धरून आहे.

त्याच घरट्यातून संध्याकाळी आणखी २१ पिल्ले निघाली. तिसऱ्या सकाळी पाहुणे न्याहारीला परतल्यावर कासवमित्राने ते घरटे हिशेबासाठी उघडले. वहीतला जमेचा आकडा १०४. सोडलेली ८८. तळाशी न उबलेली अंडी निघाली ११, आणि आतच मेलेली पिल्ले ४. बेरीज १०३. त्याने दोनदा मोजले. ऊन चढू लागले होते, मला एसटी गाठायची होती, आणि एका अंड्याचा फरक कोणी विचारणार नव्हते. परंतु त्याने काढलेली सारी वाळू पुन्हा जवळ ओढली आणि मूठ मूठ चाळू लागला. मीही शेजारी बसलो. बऱ्याच वेळाने, खड्ड्याच्या भिंतीलगत, खेकड्याने पाडलेल्या एका बिळाच्या तोंडाशी, वाळूच्याच रंगाचे झालेले एक चोळामोळा कवच त्याच्या हाती लागले. त्याने ते तळहातावर उलगडून पाहिले, आत काही नव्हते. मग हात झटकून त्याने वही घेतली, ‘खेकडा – १’ असे लिहिले, खाली १०४ चा आकडा मांडला आणि रेघ ओढली.